जुनी रायफल घेताना पॉलिश नको, बोल्ट बघा

महोदय,

रानडुकरांचा धुडगूस सुरू झाला की शेतराखणीसाठी जुनी बोल्टची (काडतूस नळीत ढकलून मागून अडकवणाऱ्या सरकत्या दांड्याची) रायफल शोधणाऱ्यांची वर्दळ वाढते. बहुतेकांची नजर आधी बीएसए, माउझर, ब्रनो अशा विलायती नावांवर जाते. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्यांत पैसे नावाचेच जातात, आणि काडतुसांसाठी वणवण होते ती वेगळीच. खांद्याला अडकवून बांधावर फिरायचे तर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) रायफल पुरेशी आहे. तिची काडतुसे आपल्या खडकीला बनतात. ३०३ हा सैनिकी बोअर. साध्या परवान्यावर तो मिळत नाही. छऱ्याच्या बंदुकीचा परवानाही रायफलीला चालत नाही, तेव्हा इसार देण्याआधी परवान्यावरचा शब्द न् शब्द वाचावा.

रायफल हाती आली की प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि बोल्टवरचा नंबर मुख्य सांगाड्यावरच्या नंबराशी जुळतो का ते पाहावे. या रायफलीची घडण ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धर्तीची, म्हणजे बोल्ट मागच्या बाजूला त्याच्याच दोन उंचवट्यांवर, म्हणजे खांद्यांवर, अडकतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवला असेल तर सगळा भार एकाच खांद्यावर येऊ शकतो. दोन्ही खांद्यांना दिव्याची काजळी लावून बोल्ट चार-पाच वेळा बंद करावा. काजळी दोन्हीकडे पुसली गेली तर ठीक. एकीकडेच पुसली गेली तर ती रायफल परत ठेवावी.

त्याच रायफलीतून उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी विक्रेत्याकडे मागावी. बुडापासून साधारण सेंटिमीटरभर वर चकचकीत कडे दिसले, किंवा टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवताना तिथे खाचेत अडकली, तर बोल्टचे तोंड झिजून काडतुसाच्या बुडामागे जागा झाली आहे असे समजावे. अशा रायफलीत पितळ मागे ताणले जाते आणि कधीतरी पुंगळी त्या कड्यापाशीच तुटून पुढचा तुकडा नळीतच राहतो. बोल्टचे तोंड बदलून हा दोष बहुधा जातो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

नळी उजेडाकडे धरून मागून बघावी. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) मधे मंद दिसले तरी चालतील. टोकाची कड मात्र गोल आणि धारदार हवी. सफाईची दोरी वर्षानुवर्षे तिरकी ओढल्याने टोक एका बाजूने घासते आणि नेम विस्कटतो. ‘थोडी कापून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. नळी आखूड करायलाही शस्त्र कायद्यात वेगळा परवाना लागतो.

डमी (बिनदारूची) काडतुसे मॅगझिनमध्ये भरताना वरच्याच्या बुडाची किनार खालच्याच्या किनारीपुढे बसली पाहिजे. उलटी बसली की ऐन वेळी अडकणारच, मग मॅगझिन कितीही चांगले असो. पुढची परीक्षा रिकाम्या रायफलीची: बोल्ट चढवून सेफ्टी लावावी, चाप दाबून सोडावा, मग सेफ्टी काढावी. तेवढ्याने घोडा पडला तर सौदा मोडावा. दस्त्याच्या मानेवरची चीर तेलाखाली लपते. कोरड्या फडक्याने पुसून अंगठ्याने दाबून पाहावी. कोकणच्या दमटपणात लाकूड फुगून नळीला टेकते, त्यानेही नेम सरकतो. वरचे पॉलिश मात्र कुणीही, कधीही करून देतो.

खासगी मालकाकडून घेताना त्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात. नंबर पुसून पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर किंमत विचारूच नये. आणि रायफल आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असे नाही. वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. या बोअरची गोळी चुकली तर दोन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा चढ नसेल तिथे झाडू नये. बांधावर फिरताना काडतुसे मॅगझिनमध्ये असावीत, नळीत नकोत.

– शस्त्रदुरुस्ती कारागीर, रत्नागिरी