त्सुमागोच्या अनाम यजमानांचे आभार

जपानच्या किसो खोऱ्यात मागोमे ते त्सुमागो ही नाकासेंदोची, म्हणजे एडो (आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या राजमार्गाची, वाट सुमारे 8 किलोमीटर. वाटेतल्या चहाघरात फुकट चहा देणाऱ्यांचे, अस्वलं दूर राहावीत म्हणून घंटा टांगणाऱ्यांचे मनापासून आभार. घरं विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची नाहीत, पाडायची नाहीत, असं 1971 साली ठरवणाऱ्या गावकऱ्यांना नमस्कार.

पण सर्वांत मोठं ऋण मिनशुकूच्या, म्हणजे तिथल्या घरगुती निवासांच्या, स्वयंपाकघराचं. साध्या भाजीतही बहुधा दाशी असतं, म्हणजे चवीसाठी काढलेला अर्क, आणि तोही सहसा सुक्या माशाचा. म्हणून नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही; 'माशाचं दाशीही नको' असं बुकिंग करतानाच कळवावं लागतं. संध्याकाळी पोचून सांगितलं तर रस्सा आधीच तयार असतो. आमच्यासाठी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (मशरूम) यांचं वेगळं दाशी काढणाऱ्या काकूंनो, खूप खूप धन्यवाद!