रस्ता गाडीशी बोलतो, पण फक्त पैसे मागायला

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या जिकडेतिकडे 'कनेक्टेड' गाड्यांची चर्चा चाललीय, म्हणजे गाडी सिग्नलशी बोलणार, सिग्नल गाडीशी बोलणार आणि ट्रॅफिक आपोआप सुटणार. जर्मनीत इंगोलश्टाटमध्ये 2019 पासून ऑडीच्या काही गाड्यांत डॅशबोर्डवरच दिसतं की अमुक स्पीडने गेलात तर पुढचा सिग्नल हिरवा मिळेल. छान आहे, पण पुण्यात निम्म्याहून जास्त गाड्या टू-व्हीलर, त्यांच्यात सिग्नलशी बोलणारा कुठला रेडिओ बसवणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

खरं सांगायचं तर रस्ता आणि गाडीचं बोलणं आपल्याकडं कधीच सुरू झालंय. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, काचेवरचा स्टिकर टोलनाक्याशी बोलतो आणि पैसे कापले जातात. 2024 पासून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आयटीएमएसचे, म्हणजे ट्रॅफिकवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे लागलेत, ते नंबरप्लेट वाचतात आणि चलन मोबाईलवर येतं. वेगाने चालवणाऱ्यांना चाप बसलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघा ना, आपला रस्ता गाडीला ओळखतो तो फक्त वसुलीपुरता. त्याच गाडीला वाट करून द्यायची वेळ आली की तो मुका होतो.

टॉमटॉम ही कंपनी शहरांतलं ट्रॅफिक मोजते, तिच्या 2024 च्या सगळ्यात संथ शहरांच्या यादीत पुणे जगात चौथं आलं होतं, 10 किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं. यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो बसचा प्रवासी, कारण बाईकवाला गल्लीतून तरी निघतो, बस कुठून निघणार?

आणि गंमत म्हणजे सगळ्यात आधी 'कनेक्टेड' झाली ती बसच. एआयएस-140 नावाचा नियम आहे, त्यानुसार 1 जानेवारी 2019 पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण बंधनकारक झालं. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या अ‍ॅपवर बस कुठं आली ते लाइव्ह दिसतं. म्हणजे बस कुठाय हे माझ्या मोबाईलला माहितीय, समोरच्या सिग्नललाच माहीत नाही! स्मार्ट सिटीतून चौकाचौकात बसवलेले नवे एटीएमएस सिग्नल गर्दी मोजून वेळ कमीजास्त करतात म्हणे, पण मोजतात त्या गाड्या, आतली माणसं नाही. एकटा माणूस बसलेली कार आणि पन्नास जण कोंबलेली बस, दोन्हींना सारखाच न्याय.

लंडनमध्ये हे काम बऱ्याच वर्षांपासून चालतं, बसचं जीपीएस सिग्नलला कळवतं की मी येतेय, मग हिरवा काही सेकंद लांबवतात नाहीतर लाल लवकर संपवतात. यात नवीन रेडिओ नाही, फाइव्ह-जी नाही, ड्रायव्हरलेस कार तर नाहीच नाही. बसच्या सर्व्हरवरची माहिती सिग्नलच्या कंट्रोल रूमपर्यंत न्यायची, एवढंच.

मात्र एक गोष्ट साहेबलोकांच्या प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही म्हणून लिहितो. आपले बरेच बसस्टॉप चौकाच्या अलीकडं आहेत. तिथं सिग्नलने हिरवा लांबवला तरी बस स्टॉपवर माणसं घेत उभी, हिरवा वाया जातो आणि आडव्या रस्त्यावरचे लोक शिव्या घालतात. स्टॉप चौक ओलांडल्यावर पलीकडं हवा. याला सॉफ्टवेअर लागत नाही, दोन खांब आणि एक शेड हलवायची असते, आणि मला तर वाटतं घोडं नेमकं इथंच पेंड खाणार.

108 ची अ‍ॅम्ब्युलन्स राज्यात 2014 पासून आहे, तिच्यातही जीपीएस. अवयव न्यायचे असले की आपले ट्रॅफिक पोलीस वॉकीटॉकीवर चौक मोकळे करत ग्रीन कॉरिडॉर करतात, त्यांना सलामच आहे, पण रोजच्या हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी एवढे पोलीस कुठून आणणार? ते काम सिग्नलने करावं.

आपल्याकडं जमणारच नाही असंही नाही. नागपुरात 2021 मध्ये आयरास्ते प्रकल्प सुरू झाला, महापालिकेच्या बसवर कॅमेरे लावून ड्रायव्हरला टक्कर व्हायच्या आधी इशारा आणि कुठल्या जागी असे इशारे वारंवार येतात त्याचा नकाशा, म्हणजे अपघात होण्याआधीच धोक्याची जागा कळणार. पुण्यातल्या बसनं असं केलं तर खड्ड्यांची यादीसुद्धा रोज फुकटात मिळेल (अर्थात ती यादी कुणाला हवीय का हा वेगळा विषय).

सुरुवात एकाच रस्त्यावर करा, स्वारगेट ते कात्रज, तिथं बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन 2006 पासूनची आहे. ट्रायलच्या आधी आणि नंतर बसला किती वेळ लागतो ते पेपरात छापा. आणि पुढच्या सिग्नलच्या टेंडरमध्ये एक अट नक्की टाका, की सिग्नलच्या कंट्रोलरला बस आणि अ‍ॅम्ब्युलन्सची माहिती घेता आली पाहिजे आणि ती कुठल्याही कंपनीच्या यंत्रणेकडून घेता आली पाहिजे, नाहीतर सिग्नल एका कंपनीचे, ट्रॅकर दुसऱ्या कंपनीचे आणि दोघांचं जुळवायला तिसरं टेंडर.

आपला,
एक रोजचा पीएमपी प्रवासी, पुणे