सहा पानांचा निबंध आणि निवड समितीचा तक्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापक-भरतीत उमेदवाराच्या संशोधनाचे मोल कसे ठरवले जाते, याविषयी हे पत्र लिहीत आहे. मी आयुष्यभर पेशीविज्ञान शिकवले आणि विषयतज्ज्ञ म्हणून काही निवड समित्यांवरही बसलो. अशाच एका मुलाखतीला आलेल्या तरुणीने आपले तीन शोधनिबंध फाइलमध्ये नीट लावून आणले होते. ती फाइल टेबलावरून आम्हा पाचही जणांच्या हातांतून फिरली आणि कोणीही ती उघडली नाही, कारण पुढ्यातल्या छापील तक्त्यात एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत घेतलेले संदर्भ) आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स असे तीनच रकाने होते आणि ते भरण्यासाठी फाइल उघडण्याची गरजच नव्हती. मीही ती उघडली नाही, याची खंत मला आजही आहे.

अशा वेळी मला जपानी पेशीवैज्ञानिक योशिनोरी ओसुमी आठवतात. 1988 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली. पेशी आपलेच जुने घटक पचवते, म्हणजे ऑटोफॅजी, ही कल्पना 1963 पासून नावासकट माहीत होती. पण ती घडवून आणणारी जनुके कोणालाच ठाऊक नव्हती आणि या विषयाकडे फारसे कोणी वळतही नव्हते. रिक्तिकेतील (पेशीतील पचनाच्या पिशवीतील) पाचक विकरे, म्हणजे एन्झाइम, नसलेले यीस्ट घेऊन ओसुमींनी ते उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका न पचलेल्या घटकांच्या बारीक गोल कणांनी भरल्या आणि ते कण आत सारखे हलताना साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. हे निरीक्षण 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मिकी त्सुकादा यांच्यासह त्यांनी ऑटोफॅजी बंद पडलेले उत्परिवर्तित यीस्ट शोधून त्यांचे पंधरा गट पाडले. तो निबंध ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात आला. तो अवघा सहा पानांचा होता. ‘नेचर’ किंवा ‘सेल’मध्ये छापून आल्याचे वलय त्याला नव्हते.

आता असे आकडे या निबंधाला लावून पाहू. इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा आकडा. त्या नियतकालिकात आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना एखाद्या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढेच तो सांगतो. ओसुमींच्या त्या पंधरा गटांमागची जनुके ओळखून त्यांचे काम उलगडायला मात्र बरीच वर्षे लागली. त्यातून दिसलेल्या, प्रथिने एकमेकांना आणि मेदरेणूला जोडणाऱ्या यंत्रणा 1998 आणि 2000 साली ‘नेचर’मध्ये आल्या. दोन वर्षांच्या खिडकीतून हे कसे दिसणार? 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्श यांनी सुचवलेल्या एच-इंडेक्सची तऱ्हा आणखी वेगळी. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन आहेत, त्याचा निर्देशांक वीस. म्हणजे एखाद्या निबंधाने अख्खी ज्ञानशाखा उभी केली, तरी या हिशेबात तो फक्त एक धरला जातो. 2016 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले. तेव्हा नोबेल समितीने त्यांचे जे चार प्रमुख निबंध नमूद केले, त्यांत फेब्सचा हा सहा पानी निबंध आहे.

याच विषयातील दुसरे टोकही पाहण्यासारखे आहे. ऑटोफॅजी कशी मोजावी, याची मार्गदर्शक तत्त्वे 2016 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या निबंधाच्या लेखकांची संख्या दोन हजारांहून अधिक होती. निबंध अत्यंत उपयुक्त आहे आणि त्याला हजारो सायटेशन मिळणे योग्यच आहे. परंतु तेवढीच सायटेशन प्रत्येक लेखकाच्या बायोडाटात जमा होतात आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे तक्ता सांगू शकत नाही.

सायटेशन निरर्थक आहेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कोणी, कशासाठी, कोणत्या वाक्यात एखाद्याच्या कामाचा आधार घेतला, हे पाहिले तर त्यातून बरेच कळते. पण त्यासाठी निबंध वाचावे लागतात. नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची पारख करू नये, हा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2012 च्या डिसेंबरात अमेरिकेतील पेशीवैज्ञानिकांच्याच वार्षिक परिषदेत आकाराला आला. आपल्याकडे आकड्यांच्या हव्यासाने काय झाले, हे यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) 2018 मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून निकृष्ट दर्जा, खोटे दावे अशा कारणांनी 4,305 नियतकालिके वगळावी लागली, त्यावरून दिसलेच. 2022 च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती निघाली, हे चांगले झाले. निवडीच्या वेळचा तक्ता मात्र मी समित्यांवर होतो तोवर तरी तसाच होता.

माझी विद्यापीठांना विनंती आहे, की उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन शोधनिबंध आणि त्यांत आपण नेमके काय केले याचे एक पान मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी विषयतज्ज्ञांकडे पोहोचावे आणि मुलाखतीतील निम्मे प्रश्न त्या निबंधांवर असावेत. तक्ता फाइलच्या शेवटच्या पानावर राहिला तरी माझी हरकत नाही.

आपला,
पेशीविज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर