अजयला पत्र: गाडीच्या आधी मीटर बघ

पाथर्डी फाटा, नाशिक

प्रिय अजय,

सप्रेम नमस्कार.

तू नाशिकला कायमचा येतोयस हे वाचून फार आनंद झाला. गंगापूर रोडला फ्लॅट आणि सोबत इलेक्ट्रिक गाडी, दोन्ही विचार उत्तम आहेत. पण शोरूमवाल्याने तुला 'रुपयाला एक किलोमीटर' सांगितलंय, ते तसंच्या तसं धरू नकोस. गाडी कुठे आणि कोणत्या मीटरवर चार्ज होणार, यावर सगळा हिशोब फिरतो.

धर, महिन्याला हजार किलोमीटर. शहरात नीट चालवली तर मधली गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर देते. म्हणजे बॅटरीतून दीडशेच्या आत-बाहेर युनिट जातात. घरच्या चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाटेतच जातात, म्हणून मीटरवर १७० धर. आता महावितरणचं बिल समोर घे. घरगुती दराच्या पायऱ्या आहेत: १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, त्यापुढे. तुमचं घर महिन्याला दोनशे युनिट वापरत असेल तर पहिली स्वस्त पायरी पंखे, फ्रिज, गिझरनेच खाल्लेली असते. गाडीचे सगळे युनिट वरच्या पायऱ्यांवर पडतात. माझ्या बिलात तीनशेच्या पुढचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटपेक्षा दुपटीहून महाग आहे. वर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यामुळे बिलाची सरासरी काढून गाडीचा खर्च मांडू नकोस, आकडा फसवा येतो. माझ्या बिलावरून पाहिलं तर हे १७० युनिट अडीच हजारांच्या घरात जातात.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटी धरून युनिटला वीसच्या आसपास पडतात, काही ठिकाणी जास्त. महिन्याचे तीन हजार धर. पेट्रोलला पंधराचा ॲव्हरेज धरलास तरी साडेसहा-सात हजार. म्हणजे फायदा आहेच, निम्म्याहून जास्त आहे. पण चार्जरसमोर रांगेत गेलेला वेळ कोणत्याच बिलात येत नाही, आणि वहिनींना रोज नोकरीवर जायचं असेल तर तो वेळच सगळ्यात महाग.

म्हणून फ्लॅट बघताना हॉलच्या आधी पार्किंग बघ. मीटर रूमपासून तुझ्या जागेपर्यंत केबल कशी येईल, किती लांब, भिंतीवरून की जमिनीखालून, ते विचार. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटपर्यंत मिळतात, रात्रभरात पंचवीस-तीस युनिट भरतात, रोजच्या फिरण्याला ते पुरून उरतं. अर्थिंग मात्र आधी तपासून घे. आमच्याकडे वायरमनने सॉकेट लावला, चार्जर जोडला, आणि त्यावर लाल दिवा. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. कोळसा-मीठ नव्याने भरून पाणी घातल्यावर तोच दिवा हिरवा झाला. जुन्या इमारतींत हे सर्रास असतं, आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी साचत असेल तर अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे.

सोसायटीची परवानगी हा वेगळा अध्याय. आमच्या वार्षिक सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "तुमच्या गाडीची वीज आम्ही का भरायची?" प्रश्न अगदी रास्त होता. केबल स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरवरून येते, एक युनिटही सामायिक बिलात जात नाही, हे मीटर रूममध्ये नेऊन दाखवल्यावरच त्यांचं समाधान झालं. तुझ्या सोसायटीत आणखी दोन-चार गाड्या असतील तर मात्र सामायिक चार्जरचाच आग्रह धर. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर घरगुतीच दर लागतो, पण चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्याला ईव्हीचा, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचा, स्वतंत्र दर आहे, त्यात या पायऱ्या नाहीत. शिवाय सामायिक चार्जर असला की भाडेकरूलाही गाडी घेता येते, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. नाहीतर स्वस्त वीज ज्याच्या नावावर पार्किंग आहे त्याचीच राहते. पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सौर पॅनेलच्या केंद्रीय योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला, त्यात चार्जिंगही आलं, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. नाशिकला ऊन भरपूर, गच्च्या रिकाम्या. सभेत हा विषय तू मांडच.

मुंबईला आईकडे जाणं-येणं होईल तेव्हा कसारा घाट लक्षात ठेव. उतरताना बॅटरी भरत जाते, काट्याकडे बघून बरं वाटतं. पण येताना तोच घाट आणि पुढे इगतपुरीपर्यंतचा चढ सगळं वसूल करतो. परतताना घाटाच्या पायथ्याशी तीस टक्के तरी असू देत.

मागच्या दोन-तीन महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठव आणि फ्लॅटचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरता येतात) किती ते बिल्डरकडून लेखी घे. मग आपण दोघं बसून तुझा खरा आकडा काढू. वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझा,
हेमंत