निवृत्ती म्हणजे शिक्षा नव्हे

चिनी लष्करातील फेरबदलांवरील आपल्या अंकातील लेखात, गलवानमधील अपयशामुळे जनरल झाओ झोंगची यांना पश्चिम विभागाच्या प्रमुखपदावरून हटवले गेले, असे म्हटले आहे. हे पटले नाही. झाओ यांचा जन्म १९५५ चा. चीनमध्ये त्या हुद्द्यावरचे सेनापती साधारणपणे पासष्टीला पद सोडतात आणि डिसेंबर २०२० मध्ये झाओ पायउतार झाले ते त्याच वयात. शिक्षाच करायची असती, तर त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना चिनी संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे उपाध्यक्षपद मिळाले नसते.

१९७९ च्या व्हिएतनाम युद्धात लढलेला हा अधिकारी. २०१६ मध्ये सात लष्करी विभागांचे पाच झाले, तेव्हा भारतीय सीमेची जबाबदारी असलेला नवा पश्चिम विभाग त्यांच्याकडे आला. २०१७ मधील डोकलामचा ७३ दिवसांचा पेच आणि आपले २० जवान हुतात्मा झाले ते जून २०२० मधील गलवान, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत घडले. डोकलामनंतरही तीन वर्षे ते पदावर राहिले. म्हणजे सीमेवरची आक्रमकता ही एकट्या सेनापतीची लहर नव्हती, तिला बीजिंगची संमती होती, असेच मानावे लागते. ‘त्यांना शिक्षा झाली’ असे लिहिणे हा हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना दिलेला खोटा दिलासा आहे. झाओ यांच्यानंतर सप्टेंबर २०२१ पर्यंत त्या पदावर एकामागून एक तीन अधिकारी आले. लेखकाने शोध घ्यायचा तर त्यामागच्या कारणांचा घ्यावा.

– एक वाचक, सातारा