कोरियांचं घर उभं कापून बघ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

नागावच्या प्लॉटचा नकाशा मिळाला. 22 फूट रुंदी, 65 फूट लांबी, तोंड पश्चिमेला. ‘वास्तुकार चार्ल्स कोरियांच्या घरासारखं काहीतरी हवं’ असं लिहिलंयस आणि सोबत फोटो पाठवलेस. फोटो सुंदर आहेत, पण त्यांवरून घर बांधायला जाऊ नकोस. कोरियांचं घर समजून घ्यायचं तर ते उभं कापून, सेक्शनमध्ये (म्हणजे उभ्या छेदाच्या नकाशात) बघावं लागतं. हवा कुठून शिरते, ऊन कुठे अडतं, पाणी कुठे जातं, हे सगळं त्यांनी तिथे ठरवलेलं असतं. दर्शनी भाग त्यातून आपसूक येतो.

माणूस मूळचा गोव्याच्या घराण्यातला, जन्म 1930 मध्ये सिकंदराबादचा. मुंबईत सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी, आणि 1958 पासून मुंबईत स्वतःचं काम. परत आले तेव्हा आपल्याकडे काँक्रीट आणि काच म्हणजे प्रगती असं वातावरण होतं. त्यांनी साबरमतीला गांधी स्मारक संग्रहालय बांधलं (1963 मध्ये पूर्ण) ते विटांचे खांब, दगडी फरशी, कौलं आणि लाकडी झडपा घेऊन. काच नाही. 6 मीटर बाय 6 मीटरचे एकाच मापाचे चौरस, काही बंद, काही उघडे, हवे तसे जोडत नेलेले. तिथली एक गोष्ट नीट बघ. खांबांवर काँक्रीटच्या पन्हळी आडव्या टाकल्या आहेत. त्याच छपराचं वजन पेलतात आणि त्याच पावसाचं पाणी वाहून नेतात. तुळई वेगळी, गटर वेगळं, असा दुहेरी खर्च नाही.

तुला आवडलेलं ट्यूब हाउस 1961-62 चं, अहमदाबादचं. गुजरात हाउसिंग बोर्डाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. अपेक्षा होती जिन्यावरच्या फ्लॅटची. कोरियांनी दाखवून दिलं की अरुंद बैठी घरं खेटून बसवली तरी तेवढीच कुटुंबं मावतात आणि राहायला जागा जास्त मिळते. रुंदी फक्त 12 फूट, लांबी 60. लांब भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, म्हणून खिडक्या नाहीत. दाराजवळच्या झडपांतून हवा आत येते, तापते, उतरत्या छताच्या आतल्या अंगानं वर सरकते आणि माथ्याच्या फटीतून निघून जाते. ती गेली की खालून नवी ओढली जाते. सबंध घर धुराड्यासारखं काम करतं. आत जवळजवळ दारंच नाहीत. खोल्या वेगळ्या होतात त्या जमिनीच्या उंच-सखल पातळ्यांनी. दारं लावली असती तर हवेचा रस्ताच बंद झाला असता. 1995 मध्ये ते घर पाडलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण हे नागावला जसंच्या तसं चालणार नाही. अहमदाबादची हवा कोरडी, दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक. आपल्या किनाऱ्यावर तो फरक थोडा, त्यामुळे माथ्याची ओढ क्षीण पडते, आणि दमट हवेत अंगावरून वारा गेल्याशिवाय सुख नाही. शिवाय माथ्याची फट जूनमध्ये झडीनं गळणार. मग माणसं ती सिमेंटनं बुजवतात आणि घर भट्टी होतं.

तुझ्यासाठी खरा धडा मुंबईतल्या कांचनजंगाचा आहे. ही इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली: 28 मजले, 32 फ्लॅट, साधारण 21 मीटर चौरसाचा नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनीअर शिरीष पटेल. पेच तुझाच होता. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन नि पावसाची झडही तिकडूनच. जुने बंगले यावर उपाय म्हणून खोल्यांभोवती व्हरांडा फिरवत. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून दुमजली उंचीची गच्ची केला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत खोवला. राहायची जागा त्याच्या आड सुरक्षित.

आता तुझ्या पडवीचा हिशेब. पागोळी, म्हणजे छपराची खालची कड, 7 फुटांवर ठेवलीस आणि पाऊस 45 अंशांनी आला, तर 7 फूट आतपर्यंत जमीन भिजेल. पुढे अडीच फुटांची भरीव कठडा-भिंत घातलीस तर तिच्या लगतची अडीच फूट जमीन वाचते, पुढची भिजतेच. म्हणजे खुर्ची टाकून भर पावसात बसायचं, तर मागे तीन फूट कोरडे राहतील अशी 10 फूट खोल पडवी हवी. उन्हाचं मात्र वेगळं. सूर्य 30 अंशांवर उतरला की 7 फुटांच्या उघड्या भागातून तो 12 फूट आत येतो. तेव्हा वरच्या दीड-दोन फुटांना उभ्या लाकडी झडपा लाव किंवा समोर झाड ठेव. छज्जा वाढवत बसू नकोस, खर्च वाढेल आणि माजघरात अंधार होईल.

मध्ये चौक ठेवच. माजघराच्या आडव्या भिंती 7 फुटांवर थांबव, वर जाळी, म्हणजे पडवीतला वारा मागच्या दारापर्यंत पोचेल. चौकाची फरशी खोल्यांपेक्षा अर्धा फूट खाली हवी. तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि 600 चौरस फूट छप्पर चौकात उतरत असलं, तर तासाला साडेपाच हजार लिटर पाणी येतं. 4 इंची एक पाइप तेवढं नेते, पण एका पानानं तोंड बुजलं की पाणी थेट घरात. म्हणून दोन तोंडं, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. आणि चौकावर पुढे प्लास्टिकचे पत्रे घालायचा मोह होईल, तो टाळ. तापलेली हवा तिथेच कोंडते.

शक्य झालं तर एकदा नवी मुंबईत बेलापूरला कोरियांचीच वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज, बघून ये (1983-86). सात-सात घरं 8 मीटर बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून 12 मीटरचं मोठं अंगण. हेक्टरी 500 माणसं आणि तरी प्रत्येकाला स्वतःची जमीन नि डोक्यावर आकाश. शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी नाही, त्यामुळे कुणीही भांडण न करता घर वाढवू शकतो. संडास तेवढे जोडीनं, नळ-पाइपांचा खर्च वाचवण्यासाठी. बरीच मूळ घरं पाडून आता तिथे स्लॅबची मोठी घरं उभी आहेत. काहींना तो प्रकल्पाचा पराभव वाटतो. मला तसं वाटत नाही, वाढायची मुभा कोरियांनीच दिली होती. मात्र काही नव्या घरांनी आपला चौक झाकला, ते चुकलं.

तुझ्या ड्राफ्ट्समनला आधी लांबीतला सेक्शन काढायला सांग, 1:50 मापात, पडवीपासून मागच्या विहिरीपर्यंत. त्यावर 30 आणि 45 अंशांच्या रेषा मारून मला पाठव. दर्शनी चित्र तोवर काढू देऊ नकोस. जोत्याचं काम त्याआधी सुरू करू नकोस.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अनंत