येळवस सोडून तारीख

औसा,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. फोन केला की आपलं गाडं क्रिकेटवर जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

विहिरींची पाणीपातळी कुणी कुठं मोजायची, ते वाटून घ्यायची बैठक १ जानेवारीला घेऊ, सगळ्यांनाच सुट्टी असते, असं तू म्हणतोस. सगळ्यांना म्हणजे तुझ्या कंपनीतल्यांना, लेका! इथं त्या दिवशी शाळा चालू, बँक चालू. आणि आपली चार पोरं ३१ च्या रात्रीच भीमा कोरेगावला निघतात.

हसू नको, पण गेल्या वर्षी हाच शहाणपणा मीही केला होता. बदली होऊन सहाच महिने झाले होते. तुम्हा पुण्यातल्यांची नाताळची रजा बघून ३० डिसेंबरचा सोमवार ठरवला. मोबाइलमध्ये तो दिवस मोकळा होता, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठेही टाकले. चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली. शाळेला कुलूप बघून उलट बरंच वाटलं, गोंधळ नाही. साडेचार झाले, पाच झाले. गल्लीत माणूस दिसेना. शेवटी रिकामी कळशी न्यायला घरी आलेले एक अण्णा थांबले. म्हणाले, "सायब, आज येळवस हाय. गाव शेतात हाय. तुमी हितं काय करायलाव?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, इकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात जाऊन करायचा सण. आपण दोघं पैठणकडचे, आपल्याला कुठली येळवस माहीत! अण्णांनी गाडीवर मागं बसवून नेलं. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. गाडग्यातली आंबील अशी गार आणि आंबट, की पहिल्या घोटाला डोळे मिटले. वाटाणा, तूर, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी (आपली तळायची भजी नव्हे), बाजरीचे उंडे. आपली निम्मी टीम शेजारच्या बांधावर जेवत होती. मी बैठकीचं नाव काढलं, तर अण्णांनी पानात आणखी एक उंडा टाकला.

पुढं बैठक लांबतच गेली. विहिरी वाटून दिल्या नाहीत, त्यामुळं मोजणी फेब्रुवारीत झाली आणि तोवर हरभऱ्याला पाणी देऊन झालं होतं. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजतात. आपणही तेच महिने धरतो, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या २०१६ पासूनची आपली वही, आणि तिच्यात जानेवारी २०२५ चा रकाना कोरा. वही उघडली की तो आधी दिसतो.

या वर्षी येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी. त्याआधीचं सोड, मार्गशीर्षातले गुरुवार, शाळेचं गॅदरिंग, कुणी ना कुणी अडकलेलं असतंच. म्हणून शनिवार, २७ डिसेंबर. तारखेपेक्षा वेळेवरच जास्त खल झाला. बायका तुरीवरून दिवेलागणीला परततात, आणि ज्यांच्याकडं त्या आठवड्यात रात्रीची लाईट, ते दहाला पाणी द्यायला जातात. मधे उरतात साडेसात ते नऊ. "मग सैपाक कोण करणार?" असं एका काकूंनी विचारलं, तेव्हा सगळे गप्प. शेवटी खिचडी तिथंच शिजवायची आणि कांदा पुरुषांनी चिरायचा, असं ठरलं. मी तरी ठरलं असंच समजतोय.

पुण्यातल्या बाकीच्यांना व्हिडिओवर घेऊ. तू मात्र ये, तुझी रजा २५ पासून आहेच. येताना तीस मीटरची टेप आण. आपल्या टेपचा पहिला अर्धा मीटर तुटलाय, दर विहिरीला पन्नास सेंटिमीटर वजा करावे लागतात आणि कुणीतरी विसरतंच. आणि सगळ्यांना एकदा बजाव, मोटार चालू असताना मोजायचं नाही. माझं ऐकत नाहीत.

१९ ची एक रजा जास्तीची मिळाली, तर सरळ अण्णांच्या शेतात ये. फक्त तिथं बैठकीचा विषय काढू नको.

तुझाच,
औसेकर झालेला पैठणकर